एएम४ बोर्डावर नवा प्रोसेसर: घेण्याआधी काय पाहायचं, बसवताना काय करायचं

२०१७ ते २०२० या काळात एएमडीचा पीसी जुळवून घेतलेल्या बहुतेकांकडे आजही एएम४ सॉकेटचाच (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा) मदरबोर्ड आहे. बी३५०, बी४५०, एक्स४७० अशा नावांचा. त्यावर रायझन ५ १६०० किंवा २६००, नाहीतर ३२००जी. हा पीसी अजून चालतो, पण व्हिडिओ एडिटिंग करताना किंवा नवे गेम खेळताना दम टाकतो. शिवाय विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले, आणि रायझन १००० मालिका विंडोज ११च्या मान्य यादीत नाही. म्हणून सध्या सगळीकडे एकच प्रश्न ऐकू येतो: बोर्ड आणि रॅम तीच ठेवून नुसता प्रोसेसर बदलला तर जमेल का?

बहुतेक वेळा जमतं, आणि माझ्या मते बहुतेकांसाठी तोच सगळ्यात शहाणपणाचा खर्च आहे. पण त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो, ‘मग मला पीसीआयई ४.० मिळेल ना?’ त्याचं उत्तर वेगळं आहे. हे दोन प्रश्न एकत्र केल्यामुळे लोक नको तिथे पैसे घालतात, म्हणून आधी तो गुंता सोडवू.

सॉकेट जुळणं आणि वेग मिळणं

ग्राफिक्स कार्ड आणि एनव्हीएमई एसएसडी (वेगवान प्रकारची डिस्क) ज्या मार्गाने प्रोसेसरशी बोलतात तो पीसीआयई. या मार्गाच्या पट्ट्यांना लेन म्हणतात. एएम४च्या नेहमीच्या रायझन प्रोसेसरमधून २४ लेन निघतात: १६ ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटला, ४ एम.२ (बोर्डावरच बसणाऱ्या) एसएसडीला आणि ४ चिपसेटला. चिपसेट, म्हणजे बोर्डावरची मदतनीस चिप, त्या चारांच्या जोरावर साटा (डिस्कची जुनी जोडणी), यूएसबी आणि बाकीचे स्लॉट सांभाळतो.

पीसीआयईची प्रत्येक पिढी आधीच्या पिढीशी जुळते. ४.०ची एसएसडी ३.०च्या स्लॉटमध्ये बसते आणि चालते, फक्त ३.०च्या वेगाने. हा वेग ठरवणारे तिघं असतात: प्रोसेसर, बोर्ड आणि त्यात लावलेलं कार्ड किंवा एसएसडी. तिघांपैकी जो सगळ्यात मागे, त्याच्या चालीने तिघंही चालतात.

एएम४मध्ये पीसीआयई ४.० आलं ते जुलै २०१९मध्ये, रायझन ३००० मालिका आणि एक्स५७० बोर्डांबरोबर. जून २०२०मध्ये बी५५० आला. जुन्या ३०० आणि ४०० मालिकेच्या (बी३५०, बी४५० वगैरे) काही बोर्डांवर सुरुवातीच्या बायोसमध्ये (पीसी सुरू करणारं, बोर्डावरचंच सॉफ्टवेअर) ४.०ची सोय दिसली होती, पण एएमडीने ती काढून टाकायला लावली. कारण तांत्रिक होतं. ४.०मध्ये सिग्नलचा वेग ३.०च्या दुप्पट होतो, आणि बोर्डातल्या तांब्याच्या रेघा त्या वेगासाठी आखलेल्या नसतील तर सिग्नल वाटेतच क्षीण होतो. एका बोर्डावर चाललं आणि दुसऱ्यावर एसएसडी अधूनमधून गायब झाली, असं होऊ नये म्हणून सरसकट बंदी.

थोडक्यात, बी४५०वर तुम्ही रायझन ७ ५८००एक्स३डी जरी बसवलात तरी स्लॉट ३.०चाच राहतो. ए५२० बोर्डाचंही तेच: तो नवा आहे, ५००० मालिका आनंदाने घेतो, पण ४.० देत नाही. यूएसबी४ तर प्रोसेसर बदलून कुठल्याच जुन्या बोर्डावर येत नाही, कारण त्याला वेगळा कंट्रोलर लागतो.

४.० नसल्याने तुमचं नेमकं काय बिघडतं?

एसएसडीपासून पाहू. ३.०च्या चार लेनवर चांगली एसएसडी सेकंदाला साधारण ३,५०० एमबी वाचते, ४.०वर सुमारे ७,०००. आकडा दुप्पट आहे खरा, पण विंडोज सुरू होणं, ब्राउझर उघडणं, टॅलीत नोंदी करणं यांत हा फरक हाताला जाणवत नाही. ज्यांना तो खरंच मिळतो ते लोक रोज शंभर-दोनशे जीबीचं फुटेज इकडून तिकडे हलवणारे. तुमच्याकडे अजून साटा एसएसडी असेल, तर ती सेकंदाला ५५०च्या आसपासच देते. तिच्या जागी ३.०ची एनव्हीएमई लावलीत तरी मोठी झेप पडते.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत मात्र थोडं थांबून पाहा, कारण इथे स्वस्त कार्डंच जास्त अडतात. पूर्ण १६ लेन वापरणारं कार्ड ३.०वर जवळपास तेवढंच चालतं. पण आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० ही कार्डं आठच लेन वापरतात. ३.०च्या स्लॉटवर त्यांचा मार्ग निम्मा होतो. नेहमीच्या गेममध्ये यामुळे थोडाच फरक पडतो, पण कार्डाची स्वतःची मेमरी भरली की फरक वाढतो, कारण मग डेटा सारखा याच मार्गाने ये-जा करतो. आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच लेनचं, आणि त्याची मेमरी ४ जीबी. ३.०च्या बोर्डासाठी हे कार्ड घेऊ नका. दुकानदार कितीही स्वस्तात देत असला तरी नाही.

आधी तुमच्याकडे काय आहे ते लिहून काढा

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, एमएसइन्फो३२ (msinfo32) टाइप करा. तिथे बोर्डाची कंपनी, मॉडेल आणि बायोसची आवृत्ती दिसते. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर हीच माहिती मेनबोर्ड या टॅबवर अधिक नीट मांडतं. मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत लिहा. एकाच नावाचा बोर्ड ‘एम’, ‘प्रो’, ‘मॅक्स’, ‘व्ही२’ अशा शेपटांसह निघतो आणि प्रत्येकाचं बायोस वेगळं असतं. काही कंपन्या बोर्डावरच कोपऱ्यात रिव्हिजनचा आकडा छापतात. कॅबिनेटची बाजू उघडून तोही पाहून घ्या.

मग कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलच्या पानावर जा आणि सपोर्ट विभागातली सीपीयूची यादी उघडा. तुम्हाला हव्या प्रोसेसरची ओळ शोधा. त्या ओळीच्या शेवटी बायोसची एक आवृत्ती दिलेली असते; त्या आवृत्तीपासून पुढेच तो प्रोसेसर चालतो. यादीत नाव नसेल तर तो प्रोसेसर घेऊ नका. ‘एएम४ आहे ना, मग बसेल’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. बसेल हे खरंच आहे. चालू होईल का, ते ही यादी सांगते.

या याद्यांना थोडा इतिहास आहे. मे २०२०मध्ये एएमडीने जाहीर केलं होतं की झेन ३ पिढी, म्हणजे रायझन ५०००, ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाही. ग्राहकांनी इतका आवाज उठवला की कंपनीने निर्णय फिरवला. पुढे २०२२मध्ये ३०० मालिकेलाही परवानगी मिळाली. म्हणूनच २०१७च्या बी३५०वर आज रायझन ५००० चालवता येतो. अडचण होती बायोसच्या चिपची. अनेक जुन्या बोर्डांवर ती १६ एमबीचीच आहे, आणि सगळ्या पिढ्यांचा कोड तिच्यात मावत नाही. त्यामुळे नव्या बायोसमधून काही बोर्डांवर जुन्या ए-मालिकेच्या प्रोसेसरांचा आधार काढलेला असतो. तुमचा सध्याचा प्रोसेसर त्यांतला असेल, तर अपडेटआधी बायोससोबतची टीप वाचणं अत्यावश्यक.

कोणता प्रोसेसर?

बहुतेकांना मी रायझन ५ ५६०० सांगेन. सहा कोअर, ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी), ६५ वॅटचा वर्ग, आणि खोक्यात कूलर येतो. एडिटिंग किंवा थ्रीडीचं काम असेल तर आठ कोअरचा ५७००एक्स, तोही ६५ वॅटचाच. गेमिंगसाठी ५७००एक्स३डी आणि ५८००एक्स३डी हे दोघं या सॉकेटवरचे सगळ्यात दमदार. त्यांच्यात एल३ कॅश ९६ एमबी आहे. ते बाजारात मिळणं मात्र दिवसेंदिवस कठीण होतंय. ५७००एक्स किंवा एक्स३डी घेतलात तर कूलरचा खर्च वेगळा धरा.

आता नावांतला सापळा. रायझन ५ ५५०० हा ५६००चा स्वस्त भाऊ वाटतो, पण तो मुळात ग्राफिक्स बंद केलेला ५६००जी आहे. कॅश १६ एमबी आणि पीसीआयई ३.०. शेवटी एक्स नसलेला रायझन ७ ५७०० हाही तसाच. ५६००जी आणि ५७००जीसुद्धा ३.०चेच. म्हणजे बी५५० बोर्ड खास ४.०साठी घेतला आणि त्यावर ५५०० बसवला, तर ४.० मिळणारच नाही. नुसत्या ‘५७००’ आणि ‘५७००एक्स’मध्ये किमतीचा फरक थोडा असतो, कामाचा बराच. बिलावरचं नाव खोक्यावरच्या नावाशी ताडून पाहा. लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर ऑनलाइन, ही सवय ठेवा.

आणखी एक. ५६००, ५७००एक्स, एक्स३डी यांच्यात स्वतःचे ग्राफिक्स नाहीत. सध्या ३२००जी असेल आणि मॉनिटर थेट बोर्डाला जोडलेला असेल, तर नव्या प्रोसेसरवर पडदा काळाच राहील. एकतर वेगळं कार्ड घ्या किंवा ५६००जी.

वीज आणि उष्णतेचाही विचार करा. ६५ वॅट लिहिलेला रायझन प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत ओढतो, १०५ वॅटचा १४२ पर्यंत. प्रोसेसरला वीज पुरवणारे घटक म्हणजे व्हीआरएम. सॉकेटच्या डावीकडे असलेल्या या घटकांवर धातूची हीटसिंक नसेल, जशी ए३२० आणि स्वस्त बी३५० बोर्डांवर बहुधा नसते, तर ६५ वॅटच्या वर जाऊ नका. अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात खोलीचंच तापमान चाळिशीपार जातं, तिथे तर मुळीच नाही.

बायोस अपडेट: जुना प्रोसेसर काढण्याआधी

क्रम चुकवू नका. जुनं बायोस नव्या प्रोसेसरला ओळखत नाही, आणि नवा बसवल्यावर स्क्रीनच आली नाही तर अपडेट करणार कुठून? काही बोर्डांवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं, त्याने प्रोसेसर नसतानाही अपडेट होतं. पण बी३५० आणि बी४५०च्या स्वस्त बोर्डांवर ते क्वचितच आढळतं.

१. डेटाचा बॅकअप घ्या. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का पाहा. असेल तर तात्पुरतं थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. हा मुद्दा लोक हमखास विसरतात आणि मग स्वतःच्याच फोटोंसमोर कुलूप लागतं. प्रोसेसर बदलला की त्याच्या आतलं एफटीपीएम (कुलपाच्या किल्ल्या जपणारा भाग) बदलतं, आणि विंडोजला ते परकं वाटतं.

२. कंपनीच्या पानावरून बायोस उतरवा. त्यासोबतची टीप वाचा. काही बोर्डांवर आधी मधली एखादी आवृत्ती टाकावी लागते आणि मगच शेवटची.

३. पेन ड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा आणि झिप उघडून फाइल त्यावर ठेवा.

४. पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. तुमच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढा, अपडेटनंतर ती पुसली जातात. मग बायोसमधलंच अपडेटचं साधन वापरा. विंडोजमधून अपडेट करण्याची सोय असते, पण मी ती टाळायला सांगते. मध्येच विंडोज अडकलं तर बोर्ड अर्धवट राहतो.

५. पाच-दहा मिनिटं काहीही हलवू नका. यूपीएस चांगल्या बॅटरीसह जोडलेला हवा. तुमच्या भागात लाईट जाण्याची ठरलेली वेळ असेल तर ती टाळा, आणि वळवाच्या पावसाच्या संध्याकाळी हे काम काढूच नका.

अपडेट झाल्यावर जुन्याच प्रोसेसरवर पीसी सुरू करा, एक दिवस वापरा. सगळं ठीक चाललं तर पुढे.

प्रोसेसर बदलणं

एएम४ची एक खोड आहे: याच्या १,३३१ पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि सॉकेटची पकड ढिली असते. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप) वाळलेली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर लिव्हर बंद असूनही प्रोसेसर त्याच्यासोबत उपटून येतो. पिना वाकतात त्या याच क्षणी. म्हणून पीसी दहा-पंधरा मिनिटं जड कामाला लावा, पेस्ट मऊ होऊ द्या. मग बंद करून वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावा. कूलरचे स्क्रू किंवा क्लिप सोडवा. आता कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवा. तो मोकळा झाल्याचं हाताला कळतं, तेव्हाच उचला.

लिव्हर सरळ उभा करा, जुना प्रोसेसर कडा धरून उचला आणि नव्याच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवा. नव्याच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवरही. दोन्ही एका बाजूला आणून प्रोसेसर नुसता ठेवा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो. दाबावा लागत असेल तर काहीतरी चुकतंय. उचला, पिना पाहा, पुन्हा ठेवा. मग लिव्हर खाली.

कूलरखालची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट पुरते. नव्या कूलरच्या तळाला पेस्ट लावूनच आलेली असेल तर वेगळी लावू नका. स्क्रू एकेक पूर्ण न आवळता तिरक्या जोडीने थोडेथोडे आवळा. पंख्याची वायर सीपीयू_फॅन लिहिलेल्या जागीच लावा.

पहिल्यांदा सुरू करताना

स्क्रीन यायला एक-दोन मिनिटं लागू शकतात, कारण बोर्ड रॅमशी नव्याने जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका. एफटीपीएमबद्दल इंग्रजीत प्रश्न आला, वाय किंवा एन दाबा असा, तर तो रिकव्हरी कीबद्दलचाच आहे. की हाताशी असेल तर वाय दाबून पुढे जा. मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) पुन्हा चालू करा, नाहीतर ३२०० मेगाहर्ट्झची रॅम २१३३ किंवा २४००वर चालत राहते आणि नव्या प्रोसेसरचा जोर दिसतच नाही. ग्राफिक्स कार्ड अलीकडचं असेल तर अबव्ह ४जी डीकोडिंग आणि रिसाइझेबल बार हे दोन्ही पर्याय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारे) चालू करून पाहा.

आता तपासणी. जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये बस इंटरफेस या रकान्यात स्लॉटची पिढी आणि लेन दिसतात. कार्ड रिकामं असताना ते वीज वाचवण्यासाठी १.१वर उतरतं, त्यामुळे तो आकडा पाहून निराश होऊ नका. बाजूचं प्रश्नचिन्ह दाबून चाचणी सुरू केली की खरा वेग कळतो. एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. ट्रान्स्फर मोडमध्ये दोन नोंदी असतात: डावी सध्याची, उजवी एसएसडीची कमाल क्षमता. बी४५०वर डावीकडे ३.० दिसणारच. पण तिथे २.० किंवा दोनच लेन दिसल्या तर एसएसडी चुकीच्या जागी लागली आहे. अनेक बी४५० बोर्डांवर दुसरी एम.२ जागा चिपसेटवर असते, आणि त्या चिपसेटच्या लेन २.०च्या आहेत. एसएसडी प्रोसेसरजवळच्या जागेत हलवा.

बोर्डच बदलायचा असेल तर

रॅम डीडीआर४ चांगली आहे आणि ४.० खरंच हवं, तर बी५५०. त्यावर ग्राफिक्सचा स्लॉट आणि पहिली एम.२ ४.०ची असते, चिपसेटवरचं बाकी सगळं ३.०. एक्स५७०वर चिपसेटच्या लेनही ४.०च्या. मात्र बी५५० बोर्ड रायझन १००० आणि २००० घेत नाही, त्यामुळे ‘आधी बोर्ड, प्रोसेसर दिवाळीला’ हा बेत इथे चालणार नाही.

एएम५कडे जाणं म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम असा तिहेरी खर्च. तिथेही नावं नीट वाचा. बी६५० आणि बी६५०ई यांत ई असलेल्यावरच ग्राफिक्सच्या स्लॉटला ५.०ची हमी आहे. रायझन ८०००जी मालिका एएम५वर असूनही पीसीआयई ४.०चीच, आणि ८७००जी ग्राफिक्स कार्डाला आठच लेन देतो. एक्स८७० बोर्डांवर यूएसबी४ बंधनकारक आहे, पण त्याचा कंट्रोलर प्रोसेसरच्या चार लेन घेतो. म्हणून काही बोर्डांवर दुसरी एम.२ भरली की यूएसबी४चा वेग कमी होतो किंवा ग्राफिक्सच्या लेन घटतात. ही गोष्ट खोक्यावर लिहिलेली नसते. बोर्डाचं मॅन्युअल संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं, त्यात एम.२च्या तक्त्याखाली बारीक अक्षरांतल्या टिपा असतात. पैसे देण्याआधी त्या वाचा, आणि तुमच्याकडे किती एसएसडी आहेत, कोणतं कार्ड आहे, ते त्या तक्त्यावर पेन्सिलीने मांडून पाहा.